नानांच्या पार्किन्सनवर स्टेम सेलच्या नावाखाली आमचे 3,66,200 रुपये गेले, नाशिककरांनो वाचा

लिहू की नको असं दोन महिने चाललं होतं. घरातलेच म्हणत होते कशाला गावभर करतेस, लोक नावं ठेवतील. पण परवा सिन्नरहून मामेबहिणीचा फोन आला, तिच्या सासऱ्यांसाठी तिला आम्ही गेलो त्याच स्टेम सेल सेंटरचा नंबर हवा होता. मग म्हटलं बास, आता लिहायचंच.

माझे वडील, नाना, नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेत. आयुष्यभर छापलेल्या कागदावरची बारीकशी चूक शोधायचं काम केलेला माणूस. गेली 6 वर्षं पार्किन्सन आहे, उजवा हात इतका थरथरतो की कप ओठापर्यंत जाईतो अर्धा चहा बशीत असतो. ज्यांच्या घरात असा पेशंट आहे त्यांना कळेल आपण कुठल्या आशेला लागतो ते.

त्या सेंटरचा सेमिनार हॉटेलच्या हॉलमध्ये होता, पोहे-चहा फुकट, पहिल्या 20 जणांना सूट, पुढचं तुम्हाला माहितीच आहे. पण मी सवलतीला भुलले नाही. पडद्यावर जे दाखवलं ते खरं होतं हो! जपानच्या शिन्या यामानाकांनी 2006 मध्ये उंदराच्या आणि 2007 मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशींत 4 जीन घालून त्या परत गर्भातल्या पेशींसारख्या केल्या, ज्यांच्यापासून शरीरातली कुठलीही पेशी बनवता येते (म्हणजे स्टेम सेल), त्याला 2012 चं नोबेल. पेशंटच्या पेशींपासून डिशमध्ये मेंदूच्या पेशी वाढवून आजार कसा होतो ते बघतात, औषधं तपासतात, हेही खरं. जपानमध्येच क्योटोला अशा पेशींची पार्किन्सनच्या 7 पेशंटवर ट्रायल झाली हेही खरं. माझं बीएस्सी झालंय, मी घरी येऊन एकेक गोष्ट गूगल केली आणि सगळी बरोबर निघाली. मग उरलेलं, म्हणजे नानांच्याच रक्तापासून अशा पेशी बनवून सलाईनमधून देऊ, तेही बरोबरच असेल असं कुणालाही वाटेल.

रजिस्ट्रेशन 5,500. पहिला हप्ता 1,50,000 ऑनलाइन. दुसरा 1,50,000 कॅश, तो भावाने निफाडच्या द्राक्षाच्या पैशातून दिला, पावती नाही. 'सेल बँकिंग'चे, म्हणजे पेशी साठवून ठेवायचे, 42,000. रूम आणि सलाईनचे 18,700.

आता तो क्षण, जो मला रात्री झोपू देत नाही. नानांचं रक्त घेतलं 19 नोव्हेंबरला. 26 तारखेला थर्माकोलच्या डब्यातून बाटली आली, ही तुमच्याच रक्तापासून बनवलीये म्हणून. लेबल ओलं होऊन एका कोपऱ्यात सुटलं होतं, मी ते अंगठ्याने दाबून बसवलं आणि तारीख दिसली, 11 नोव्हेंबर. रक्त घ्यायच्या 8 दिवस आधीची! मी विचारलं. ती कोऑर्डिनेटर मुलगी म्हणाली, "ताई, ती आतल्या लिक्विडची तारीख आहे, सेल्स काकांच्याच आहेत, बाहेरचं काही नाही." आणि मी गप्प बसले. सलाईन लावून झालं होतं, नाना डोळे मिटून पडले होते, पैसे भरून झाले होते, अशा वेळी भांडायचं कसं? साधा मोबाइल काढून लेबलचा फोटोसुद्धा घेतला नाही.

नंतर एका न्यूरोलॉजिस्टनी समजावलं. रक्तातून असल्या पेशी बनवायलाच कित्येक आठवडे जातात, मग त्यांना मेंदूच्या पेशींकडे वळवायला अजून आठवडे, वर तपासण्या, कारण एखादी कच्ची पेशी राहिली तर गाठ होऊ शकते. 7 दिवसांत काहीच होत नाही. आणि क्योटोला त्यांनी कवटीला भोक पाडून पेशी थेट मेंदूत सोडल्या, हातातल्या सलाईनमधून नाही.

पहिले दहा दिवस नानांना बरं वाटलं, आशेनेही पार्किन्सनमध्ये तात्पुरता फरक पडतो म्हणे. सेंटरवाल्यांनी तेवढ्यात लेवोडोपाची, म्हणजे पार्किन्सनच्या नेहमीच्या औषधाची, गोळी अर्धी करायला लावली. तिसऱ्या आठवड्यात नाना बाथरूममध्ये पडले, भुवईला 4 टाके. गोळी तुमच्या न्यूरोलॉजिस्टशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून कमी करू नका, हात जोडून सांगते.

पोलिसांकडे गेले तर म्हणे तुम्ही फॉर्मवर सही केलीये, मॅटर सिव्हिल आहे. अहो, सही उपचाराला केली होती, मिठाच्या पाण्याला नाही! तिथून आरोग्याच्या ऑफिसात, तिथे म्हणाले हे औषध खात्यातल्यांचं काम. औषध खात्यातले म्हणाले बाटली आणा. बाटली कुठून आणू, ती त्यांनी तेव्हाच उचलून नेली. अजून एका ठिकाणी साहेब मीटिंगला, तीन मंगळवार मीटिंगला, चौथ्या मंगळवारी अर्ज घेतला पण आवक नंबर मागितला तर क्लार्क माझ्याकडे असा बघतो की मीच काहीतरी चोरलंय. नानांना रिक्षातून घेऊन गेले होते एकदा, दुसरा मजला, लिफ्ट बंद. आयसीएमआरच्या (केंद्र सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या गाइडलाइनमध्ये स्पष्ट लिहिलंय की रक्ताच्या वगैरे ठराविक आजारांतलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट सोडलं तर स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर ट्रायलमध्ये करायचा. प्रिंट काढून टेबलावर ठेवली. कुणी उलटूनसुद्धा पाहिली नाही. मग असल्या गाइडलाइन काढता कशाला?

ट्रायल म्हणून सांगत असतील आणि पैसे मागत असतील तर तिथूनच उठा, ट्रायलच्या पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. सीटीआरआयचा (ट्रायलची सरकारी नोंदवही) नंबर दाखवला तर स्वतः साइटवर टाकून बघा, आम्हाला दाखवलेला नंबर गुडघ्याच्या कुठल्यातरी स्टडीचा निघाला. कॅश देऊ नका. लेबलचा फोटो काढा, त्यांना राग आला तरी काढा.

गेल्या आठवड्यात ते लेबलचं बोलणं निघालं तेव्हा नाना म्हणाले, "तारीख मलाही दिसली होती गं. पण तू एवढी धावपळ केली होतीस."

ग्राहक आयोगात अर्ज टाकलाय, ऑनलाइन भरलेल्या पैशांचं स्टेटमेंट आणि व्हॉट्सॲप चॅट जोडलंय. त्या दिवशी हॉलमध्ये 60-70 माणसं तरी होती. त्यातल्या कुणी पैसे भरले असतील तर मला मेसेज करा, नाव कुठे सांगणार नाही. माझ्या एकटीचा अर्ज कुणी उघडून बघत नाहीये, दहा जणांचा बघावा लागेल.