केशरी रंग बघून सिरॅमिक बेल्ट घेतले आणि सुरीचं पाणी उतरवून बसलो

किचनच्या सुऱ्या ग्राइंड करायला माझ्याकडे 2 बाय 72 इंचाचे बेल्ट लागतात, म्हणजे मशीनवर फिरणारे सँडपेपरसारखे दाणेदार कापडी पट्टे. मागे ऑनलाइन एका विक्रेत्याकडे 36 ग्रिटचे (ग्रिट म्हणजे दाण्याचा आकडा, आकडा लहान तितका दाणा जाड) 'सिरॅमिक' दाण्याचे बेल्ट दिसले, दहाचा पॅक, नेहमीच्या निम्म्या भावात. फोटोत भडक केशरी रंग, आणि आपल्या डोक्यात केशरी म्हणजे सिरॅमिक, निळा म्हणजे झिरकोनिया, तपकिरी म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइड हे इतकं फिट्ट बसलंय की मी मागची बाजू दाखवा असं विचारलंसुद्धा नाही. अहो रंग काय, कुणीही कशातही घालतं.

पहिली सुरी बरी झाली. दुसरीच्या अर्ध्यात ठिणग्या कमी झाल्या आणि इथे मी गाढवपणा केला, कारण सिरॅमिकला जोर लावावा लागतो हे माहीत होतं, दाब मिळाला की त्याचा दाणा बारीक तुटत राहतो आणि नवी धार उघडी पडते, म्हणून मी अजून रेटलं. पण हा दाणा तुटतच नव्हता, नुसता गुळगुळीत होऊन पात्यावर घासत होता. मी नेहमी हातमोजे न घालता पातं धरतो, चटका बसला की पाण्यात बुडवायचं, पण टोक बोटांपासून लांब, तिथलं कळलंच नाही. बघतो तर टोकाला आधी गवती पिवळा, मग जांभळट आणि कडेला चक्क निळा पट्टा. कार्बन स्टीलवर निळा म्हणजे साधारण 300 डिग्री, आणि ही सुरी टेम्पर केलेली (कडक केल्यावर ठरावीक तापमानाला परत तापवलेली) 200 ला. पाणी उतरलं, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला, विषय संपला. टोकाचा सेंटिमीटरभर भाग कापून आकार बदलावा लागला.

नंतर जुना खात्रीचा सिरॅमिक बेल्ट आणि हा शेजारी ठेवून उलटे केले. जुन्याच्या पाठीवर कंपनी, दाण्याचा प्रकार, ग्रिट, कापडाचा ग्रेड, फिरायची दिशा दाखवणारा बाण, सगळं छापलेलं. ह्याच्या पाठीवर एक अक्षर औषधाला नाही. जॉइंटपण इतका जाड की प्रत्येक फेरीला प्लेटनवर (बेल्टच्या मागच्या सपाट आधारपट्टीवर) ठक ठक, तेही मी मशीनचाच दोष समजून ट्रॅकिंगची, म्हणजे बेल्ट सरळ ठेवायची, मूठ फिरवत बसलो होतो.

विक्रेता आधी म्हणाला तुम्ही दाब जास्त दिला, मग म्हणाला वापरलेला माल परत घेत नाही, मग उत्तरच बंद.

तर घेताना मागच्या बाजूचा फोटो मागाच, आणि आधी एकच बेल्ट घेऊन भंगारातल्या कडक पट्टीवर चालवून बघा. कापडाचा ग्रेडपण विचारा, 'J' ग्रेडचं कापड लवचिक असतं, 'Y' ग्रेडचं जाड आणि ताठ, जड घासकामाला 'J' घेतलात तर तोही वाया. बारीक ग्रिटला आकड्याआधी पी (P, युरोपियन मोजणीची खूण) आहे का तेही बघा, पी400 हा अमेरिकन मोजणीत जेमतेम 320 च्या आसपास येतो, म्हणजे खोटं न बोलताही फसवता येतं.

उरलेले आठ बेल्ट लाकडी मुठींना वापरतोय. लाकडावर मस्त चालतात, फक्त बोटं केशरी होतात.