लिनक्स मिंटचे आठ महिने आणि 'ऱ्या'चा प्रश्न

विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या लिनक्स मिंट या मोफत संगणक प्रणालीवर आमचे कार्यालय चालते. मे महिन्यात भर दुपारी तिचे अपडेट चालू असतानाच वीज गेली आणि यूपीएसची बॅटरी संपत आलेली असल्यामुळे संगणक जागीच बंद पडला. वीज आल्यावर तो सुरू झाला, परंतु अपडेट मॅनेजर पुढे सरकेना. पडद्यावरील सूचनेतच टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, टाकायची डीपीकेजीची (पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाची) एक ओळ दिलेली होती. ती जशीच्या तशी टाइप केली, अर्धवट राहिलेली पॅकेजेस बसवली गेली आणि दहा मिनिटांत कार्यालयाचे काम पूर्ववत झाले. हा अनुभव लिहून काढावा असे त्याच दिवशी ठरवले.

सोलापूरच्या पूर्व भागात चादरी आणि टॉवेलच्या व्यवहाराचे आमचे छोटे कार्यालय आहे. तेथील संगणक चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचा असल्यामुळे विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हता आणि विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा अधिकृत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. दुरुस्तीच्या दुकानात संगणक भंगारात काढण्याचा सल्ला मिळाला. चालती वस्तू टाकून देणे मला पटले नाही, म्हणून एक एसएसडी (जलद साठवणुकीची डिस्क) विकत घेतली आणि तिच्यावर मिंट २२.२ ची सिनॅमन नावाची आवृत्ती बसवली. बाकी काहीही खर्च झाला नाही, आणि सुरक्षा अपडेट २०२९ पर्यंत मिळणार आहेत.

बसवण्यापूर्वी पेनड्राइव्हवरूनच मिंट चालवून पाहता येते. मी त्यात वाय-फाय आणि आवाज तपासला, पण मराठी टायपिंग तपासले नाही. पुढचे दोन महिने त्याचाच त्रास झाला.

आमच्या प्रत्येक पत्रात 'व्यापाऱ्यांना' हा शब्द येतो. विंडोजवर मी उच्चारानुसार टाइप करत असे, म्हणून येथेही कीबोर्डच्या लेआउटमधून उच्चारानुसारीच मराठी मांडणी निवडली. तिच्यात मला 'ऱ्या' काही सापडला नाही. दर वेळी 'र्या' उमटे, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढे आणि पत्र अशुद्ध दिसे. कित्येक आठवडे मी तो एक शब्द जुन्या पत्रातून कॉपी करून चिकटवत होतो. ग्राहकाच्या हाती जाणाऱ्या कागदावर असे अक्षर मला चालत नाही, आणि केवळ या कारणासाठी मी मिंट काढून टाकण्याच्या बेतात होतो.

दोष मिंटचा आहे, हे मत आता मी मागे घेतो. दोष माझ्या निवडीत होता. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाणित कीबोर्ड मांडणीत जे (J) या कळीवर 'र' आहे आणि शिफ्टसह तीच कळ दाबली की नुक्त्याचा 'ऱ' येतो. त्यानंतर डी (D) कळीवरचा हलंत, म्हणजे अक्षराचा पाय मोडणारे चिन्ह, आणि मग 'य' दाबला की 'ऱ्य' अचूक उमटतो. इनस्क्रिप्टवर बोटे बसायला तीन आठवडे गेले, पण आता माझा वेग पूर्वीपेक्षा वाढला आहे आणि 'कऱ्हाड', 'तऱ्हा', 'दुसऱ्या' हे शब्द लिहिताना हात अडखळत नाही. नवीन वापरकर्त्याने पहिल्याच दिवशी हीच मांडणी लावावी, असे मी आग्रहाने सांगेन.

जुनी पत्रे युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना समजणाऱ्या अक्षरसंकेतात, नसल्यामुळे लिबरऑफिस या मोफत कार्यालयीन सॉफ्टवेअरमध्ये इंग्रजी अक्षरांच्या गोंधळासारखी दिसली. ती ज्या फाँटमध्ये लिहिली होती त्याची आमच्याकडे असलेली फाइल घरच्या फोल्डरमधील फाँट्समध्ये टाकल्यावर ती वाचता आली. हिशेबाचे सॉफ्टवेअर मात्र विंडोजशिवाय चालत नसल्यामुळे ते मुलाच्या लॅपटॉपवरच ठेवावे लागले आहे. ज्यांचे सगळे काम त्यावरच अवलंबून आहे, त्यांनी हे आधी तपासावे.

प्रणालीची त्या वेळची प्रत (स्नॅपशॉट) जपून ठेवणारे टाइमशिफ्ट हे साधन सुरुवातीलाच चालू करावे. जागा वाचावी म्हणून मी ते बंद ठेवले होते. वीज गेल्याच्या त्या दुपारी परत फिरण्यासाठी एकही स्नॅपशॉट माझ्यापाशी नव्हता. आता दर आठवड्याला एक घेतला जातो आणि यूपीएसची बॅटरीही बदलली आहे.