बिननावाचा अरुंद पानांचा फायकस : चौदा महिने सांभाळल्यावर

गेल्या वर्षी मे महिन्यात पुण्यातल्या एका नर्सरीतून हा बोन्साय आणला. कुंडीवर चिठ्ठी नव्हती. विचारलं तर "फायकस आहे, रोज पाणी घाला" एवढंच सांगितलं. फायकस, म्हणजे वड-पिंपळाच्या वंशातलं झाड, आहे हे मलाही दिसत होतं. पान खुडलं की पांढरा चीक, आणि फांदीवर पेरापेराला बारीक कडं. शेंड्याला टोकदार म्यान असतं. आतलं कोवळं पान उलगडलं की ते गळतं आणि ही खूण मागे राहते. वड, पिंपळ, उंबर, कुणाचीही फांदी बघा, सापडेल. मोबाइलच्या ॲपने मात्र कण्हेर ठरवलं. कण्हेरीची पानं एका पेरावर तीन-तीन येतात, याची एकाआड एक.

प्रश्न होता, कुठला फायकस? नांद्रुकाचं पान आखूड आणि रुंद, तो लगेच बाद झाला. उरले दोन. एक 'अली', लांब, जाडसर, खाली झुकणाऱ्या पानांचा. दुसरा विलो-लीफ, म्हणजे आपल्या वाळुंजासारख्या पानाचा. बाजारात तो वर्षानुवर्षं नेरीफोलिया आणि सॅलिसिफोलिया या नावांनी विकला गेला. ती दोन्ही नावं खरं तर वेगळ्याच झाडांची, नेरीफोलिया हिमालयातला. डच वनस्पतिशास्त्रज्ञ सी. सी. बर्ग यांनी याला फायकस सॅलिकॅरिया हे स्वतःचं नाव दिलं.

सतत छाटलेल्या बोन्सायचं पान बघून काहीच ठरवता येत नाही, कारण ते लहान झालेलं असतं. म्हणून जूनपासून एक फांदी मुद्दाम मोकळी सोडली. ऑक्टोबरात तिची पानं मोजली : ७ ते ९ सेंटिमीटर लांब, जेमतेम १ सेंटिमीटर रुंद, आणि बोटांत धरली तर वहीच्या कागदासारखी पातळ. 'अली' असता तर एव्हाना वीतभर गेला असता. पावसाळ्याअखेर पानांच्या बगलेत मुगाएवढी फळंही धरली. एक ब्लेडने उभं चिरून भिंगाखाली ठेवलं. आत दाटीवाटीने लावलेली फुलं पाहून मी अर्धा तास तिथेच बसलो. माझ्या मते हा सॅलिकॅरियाच.

नाव कळल्याचा उपयोग लगेच झाला. हा जुन्या लाकडातूनही फुटतो, त्यामुळे निर्धास्त कापता येतो. 'अली'ला असं कापायला मी धजावलो नसतो. कापल्यावर चीक ओल्या फडक्याने टिपावा, आणि डोळ्याजवळ हात नेऊ नये.

तक्रार मातीची. कुंडीत चिकट काळी माती ठासून भरली होती, पाणी तासभर वर साचायचं. पहिल्या महिन्यात निम्मी पानं पिवळी पडून गळली. जागा बदलली म्हणून असेल असं मी समजत राहिलो आणि महिना फुकट गेला. शेवटी विटांचे तुकडे, तांबडी माती आणि थोडं शेणखत अशा मिश्रणात हलवलं. तीन आठवड्यांत नवे शेंडे. जुलैत बुंध्यावरून दोऱ्यासारख्या पारंब्याही उतरल्या. डिसेंबर-जानेवारीत वाढ थांबते, तेव्हा पाणी कमी करावं. पिठ्या ढेकूण, म्हणजे झाडावरची पांढरी पिठासारखी कीड, एकदाच आला, कापसाने पुसून गेला.

नवख्याने घ्यावा असाच हा फायकस आहे, फक्त माती आधी तपासावी.

मोकळी सोडलेली फांदी गेल्या आठवड्यात उतरवली. तिची चार छाट कलमं वाळूत लावली आहेत, आणि चारही कुंड्यांवर नाव लिहिलं आहे.