जिप्सीला घरी बनवलेला मागचा बंपर आणि स्टेपनी कॅरियर : चौदा महिन्यांनंतर

माझी मारुती जिप्सी २००८ सालची, १२९८ सीसीची. मी कोल्हापुरात राहतो, शेत राधानगरी रस्त्याला आत आहे आणि शेवटचा दीड किलोमीटर पाणंदीचा. जून ते सप्टेंबर त्या पाणंदीत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या गुडघाभर खोल होतात. म्हणून तीन वर्षांपूर्वी मूळचे २०५/७० आर १५ टायर काढून २३५/७५ आर १५चे मड टेरेन घातले. गाडी चिखलात पाय रोवून चालायला लागली, पण स्टेपनीही त्याच मापाची झाली आणि ती मागच्या दारावरच लटकत राहिली.

जुनी स्टेपनी रिमसकट काट्यावर १८ किलो भरली होती, नवी २७. दार म्हणजे पत्राच, तोही दोन बिजागऱ्यांवर. खाचखळग्यांत प्रत्येक हादऱ्याला ते वजन कितीतरी पटींनी बिजागऱ्या ओढतं. सहा महिन्यांत दार लावताना हाताने उचलून धरावं लागायला लागलं, आणि वर्षाच्या आत वरच्या बिजागरीपाशी पत्र्याला चीर गेली. डेंटरकडून वेल्ड करून घेतली, तर तीन महिन्यांत तिच्या शेजारी दुसरी. मग ठरवलं की टायर दारावरून उतरवायचा आणि त्याचा भार थेट चासीवर घ्यायचा, म्हणजे चासीला बोल्ट केलेला नवा मागचा बंपर आणि त्यावर बिजागरीने दारासारखा बाजूला उघडणारा लोखंडी हात, ज्यावर टायर टांगायचा. गेल्याच्या गेल्या दिवाळीनंतर काम हाती घेतलं. आज त्याला चौदा महिने झाले आणि गाडी मीटरवर सुमारे अकरा हजार किलोमीटर चालली. (टायर मूळ मापापेक्षा दहा टक्के मोठे असल्याने प्रत्यक्षात बारा हजार धरा. वेगाचंही तसंच, काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ने जात असते. मोठे टायर घालणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवावं.)

बंपरचं सांगण्यासारखं थोडंच आहे. १०० बाय ५० मिलिमीटरचा, ४ मिलिमीटर जाडीचा आयताकृती पाइप घेतला, दोन्ही टोकं खालून तिरकी कापली म्हणजे बांध उतरताना कोपरे टेकत नाहीत. चासीच्या दोन्ही मुंढ्यांना आतून-बाहेरून ६ मिलिमीटरच्या पट्ट्या लावून १२ मिलिमीटरचे ८.८ ग्रेडचे बोल्ट मारले. चासीला वेल्डिंग केलेलं नाही आणि कुणी करू नये असं माझं ठाम मत आहे. बोल्टचं काम उद्या काढता येतं, आणि चासीचा धातूही तापत नाही. वेल्डिंग घरच्याच इन्व्हर्टर मशीनवर, ३.१५च्या ६०१३ रॉडने केलं. आधी सगळीकडे नुसते टॅक (वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके) मारून गाडीवर लावून पाहिलं, मग उलटसुलट बाजूंनी थोडं थोडं भरत गेलो. एका बाजूने सलग भरलं असतं तर पाइप केळ्यासारखा वाकला असता.

ओढण्याच्या कड्या मात्र घरी वेल्ड केल्या नाहीत. २० मिलिमीटर जाड पट्टीचे दोन कान, बंपरला खाच पाडून आरपार घातलेले आणि आतून चासीच्या पट्टीला जोडलेले. ते शिवाजी उद्यमनगरातल्या एका अनुभवी मिस्त्रींकडून ७०१८ रॉडने करून घेतले. पाऊण इंची शॅकलची (पट्टा अडकवायच्या यू आकाराच्या कडीची) पिन २२ मिलिमीटरची असते, म्हणून भोक २४चं. ऑगस्टमध्ये शेजाऱ्यांचा उसाच्या रोपांनी भरलेला पिकअप फडात बसला होता, तो याच कानांना पट्टा लावून काढला. नंतर टॉर्च लावून वेल्ड पाहिले, केसाएवढीसुद्धा रेघ नव्हती. पट्टा टायरच्या हाताला किंवा बंपरच्या पाइपला कधीही अडकवू नका. झटक्यात निखळलेला लोखंडाचा तुकडा माणसाचा जीव घेतो.

आता खरी गोष्ट, बिजागरीची. जिला मी पहिल्यांदा सगळ्यात कमी वेळ दिला.

पहिला हात साध्या बुशवर होता. जाड पाइपात पाइप, मध्ये पितळी बुश, वरून ग्रीस निपल. बसवला त्या दिवशी एका बोटाने उघडत होता. मार्चपर्यंत हाताचं टोक ११ मिलिमीटर खाली आलं आणि प्रत्येक खड्ड्याला टक्‌ असा आवाज यायला लागला. हिशेब बसून केला असता तर आधीच कळलं असतं. टायर २७ किलो, हात ९, एकूण ३६. त्यांचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून साधारण ६० सेंटिमीटरवर. वरचा आणि खालचा आधार एकमेकांपासून ११ सेंटिमीटरवर. म्हणजे गाडी उभी असताना, नुसता हात उघडला तरी प्रत्येक आधारावर आडवा जोर जवळपास २०० किलोचा येतो. पितळी बुशची कड एवढ्या जोराखाली झिजणारच.

लेथवाल्या मिस्त्रींना तो बुश दाखवला. त्यांनी हातात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "पाव्हणं, ह्यो गेटाला चालंल. टायर टांगायचा म्हंजे टेपर बेरिंगच लागतंय." मग त्यांच्याच सल्ल्याने सगळं नव्याने केलं. ३० मिलिमीटरचा शाफ्ट, त्यावर ३०२०६ नंबरची दोन टेपर (तिरक्या रोलरची) बेअरिंगं तोंडाला तोंड न करता पाठीला पाठ लावून, खाली ऑइल सील, वर खाचेचा नट आणि स्प्लिट पिन. शाफ्ट बंपरच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही भिंतींतून आरपार घेऊन दोन्हीकडे वेल्ड केला. एकाच भिंतीवर उभा केला असता तर तिथून पाइपच फाटला असता. शाफ्ट ईएन-८चा होता. हा कार्बन जास्त असलेला पोलाद थंड असताना वेल्ड केला तर वेल्डच्या कडेला तडकतो, म्हणून मिस्त्रींनी आधी गॅसने तापवला आणि नंतर राखेत दाबून सावकाश निववला. घरच्या मशीनवर हे काम करायच्या फंदात पडू नका.

आणखी एक बारकी गोष्ट त्यांच्याकडून शिकलो, ती कुठे वाचायला मिळाली नव्हती. बेअरिंग बसायच्या नळीला हात वेल्ड केला की नळी उष्णतेने किंचित अंडाकृती होते आणि मग बेअरिंगची ६२ मिलिमीटरची बाहेरची कडी, म्हणजे कप, तिच्यात नीट बसत नाही. म्हणून आधी नळीला पाइपचा बोटभर तुकडा वेल्ड करायचा, मग ती लेथवर चढवून आतून बोअर करायची, आणि सगळ्यात शेवटी त्या तुकड्याला लांब हात जोडायचा. पूर्ण हात जोडलेली नळी लेथवर फिरवताच येत नाही.

या बेअरिंगवर दहा महिने झाले, त्यात एक अख्खा पावसाळा. परवा टेपने मोजलं, टोक खाली आलंय ते एक मिलिमीटरपेक्षा कमी.

कुलूप, म्हणजे हात बंद ठेवणारा टॉगल क्लॅम्प, त्याचीही कथा आहे. क्लॅम्प हात ओढून धरतो, पण वजन पेलत नाही. वजन पेलायला बंद बाजूला एक उतरती पाचर हवी, जिच्यावर हाताचं टोक चढून बसेल. सुरुवातीला मी तिथे ट्यूबचं रबर चिकटवलं होतं, ते महिन्याभरात चिरडलं. आता १० मिलिमीटरचा नायलॉनचा ठोकळा स्क्रूने बसवलाय. टोक त्यावर चढलं की निम्मा भार तिकडे जातो, बिजागरीला विसावा मिळतो आणि खडखड पूर्ण थांबते. फेब्रुवारीत फोंडा घाट उतरताना क्लॅम्पचा दांडा हादऱ्याने सुटला. आरशात पाहतो तर टायर सावकाश बाहेर निघालेला. सुदैवाने मागे कुणी नव्हतं आणि मी वळणाआधीच गाडी बाजूला घेतली. पाय थरथरत होते. त्या दिवसापासून दांड्याच्या भोकात आर क्लिप (वाकवलेल्या तारेची पिन) असते, आणि ती लावल्याशिवाय मी चावी फिरवत नाही. क्लॅम्प कितीही चांगला घ्या, दुसरा अडसर हवाच.

रोजच्या वापरात सगळ्यात जाणवणारा फरक म्हणजे मागचं दार उघडायला दोन कामं झाली, आधी हात, मग दार. आईला भाजीच्या पिशव्या ठेवताना हे जमत नव्हतं, कारण दांडा घट्ट आणि उंच होता. क्लॅम्प चार इंच खाली आणला आणि दांड्याला सायकलची मूठ घातली, आता ती स्वतः उघडते. बिजागरी दाराच्या बिजागरीच्याच बाजूला ठेवा, नाहीतर हात आणि दार एकमेकांच्या वाटेत येतात. उतारावर हात आपोआप परत येऊन बोटं चेचू शकतो, म्हणून उघड्या जागी अडकणारी एक खाली पडणारी पिन केली आहे. ती पहिल्या दिवसापासून असायला हवी होती.

वजनाबद्दल. मूळ बंपर काढून नवा घातल्यावर निव्वळ भर पडली ३५ किलोची. ऐकायला कमी वाटते, पण ती मागच्या एक्सलच्या सुमारे ९० सेंटिमीटर मागे आहे आणि जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिलिमीटर. म्हणजे मागच्या चाकांवर ४८ किलो वाढतात आणि पुढची चाकं १३ किलोने हलकी होतात. हजार किलोच्या आसपासच्या गाडीला हे कळतं. मागचा भाग १४ मिलिमीटर बसला आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जायला लागले. ते स्क्रूने खाली घेतले आणि टूलबॉक्स सीटच्या पुढे आणला. स्प्रिंगचे पाटे वाढवायची गरज वाटली नाही. माझ्या पहिल्या आराखड्यात जेरीकॅनचा स्टँड होता, तो मी काढून टाकला. वीस लिटर पेट्रोल गाडीच्या सगळ्यात मागच्या टोकाला टांगायचं आणि मागून कुणी धडकलं तर? ज्यांनी लावलाय त्यांनी कृपया पुन्हा विचार करावा.

कायद्याचं स्पष्ट बोलतो. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि डिसेंबर २०१७मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने क्रॅश गार्ड, बुल बार अशा बाहेरून लावलेल्या लोखंडी गार्डांवर कारवाई करण्याचं पत्र राज्यांना दिलं होतं. असं काम करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारा, आणि मूळ बंपर फेकू नका. माझा माळ्यावर आहे. नंबर प्लेटचा विचारही आधीच करा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना महाराष्ट्रात एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) लावावी लागली, आणि ती एकदा लॉकने बसली की हलवता येत नाही. मी बंपरवर ३४० बाय २०० मिलिमीटरची सपाट जागा आणि वर दिवा आधीच ठेवला होता, म्हणून निभावलं. टायर ७ सेंटिमीटर खाली टांगला, त्यामुळे आरशातून मागचा रस्ता दिसतो.

रंगाच्या बाबतीत मी चुकीचा सल्ला ऐकला. पावडर कोटिंग दिसतं देखणं, पण गगनबावड्याच्या पावसात आणि जांभ्याच्या खडीत बोल्टच्या कडांना ते उडालं, आणि गंज कोटिंगच्या खालून सरकत गेला. वरून काहीच दिसत नव्हतं, नखाने खरवडल्यावर पापुद्रा निघाला. ऑक्टोबरमध्ये सगळं घासून झिंकचा इपॉक्सी प्रायमर आणि वर साधा काळा इनॅमल मारला. तो ओरखडला तर रविवारी दहा मिनिटांत ब्रशने भरता येतो. पाइपला खालून ८ मिलिमीटरची चार भोकं पाडली तेव्हा आतून कपभर तांबूस पाणी निघालं. ही भोकं रंगाच्या आधी पाडायची असतात.

खर्च दोन्ही वेळचा मिळून पंधरा हजारांच्या आत गेला. त्यातला पहिल्या बिजागरीचा खर्च वाया. दाराच्या चिरा वेल्ड करून घेतल्या त्याला वर्ष उलटलं, नवी एकही नाही, आणि दार आता एका हाताने लागतं.

मे महिन्यात, पावसाआधी, नट काढून दोन्ही बेअरिंग धुवायची आहेत. ऑइल सीलच्या खाली चिखलाचा पातळ थर दिसतोय, तो आत किती गेलाय ते तेव्हाच कळेल.