बेडूक शोधायला आधी टॉर्च की आधी कान?

पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या बांध्या-बोड्यांवर, म्हणजे भातखाचरांवर आणि लहान तळ्यांवर, बेडूक ओळखायला शिकून पुढे सिंधुदुर्गातल्या आंबोलीच्या सदाहरित जंगलात जायचा बेत असेल, तर सुरुवात टॉर्चनेच करा. आंबोलीत मात्र कान आधी लागतो.

धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) झाडोरा कमी, त्यामुळे टॉर्च लगेच कामी येते. ती कानशिलाला टेकवून धरा. छातीशी धरली तर बेडकाच्या डोळ्यांतून परतलेला उजेड आपल्या डोळ्यांपर्यंत पोचत नाही. कोळ्याचेही डोळे चमकतात, पण ती टाचणीच्या टोकाएवढी ठिणगी; बेडकाची चमक मोठी आणि ठाम असते. डोक्यावर काळ्या कडा, डोळ्यांमागे फुगीर ग्रंथी असल्या की तो भेक (टोड). बोटांच्या टोकाला गोल चकत्या असल्या की झाडबेडूक, तोच जो घरच्या न्हाणीत भिंतीला चिकटलेला दिसतो. मागच्या टाचेला फावड्यासारखा कठीण उंचवटा असला तर तो माती उकरून आत बसणारा.

टॉर्च अडते ती बांधीतल्या लहान बेडकांपाशी. त्यांच्या काही जाती दिसायला इतक्या सारख्या, की नुसत्या फोटोवरून नाव देणे चूकच. पाठीवरच्या रेघेवर तर मुळीच जाऊ नका. एकाच जातीत ती असते आणि नसतेही. इथे मोबाईलवर अर्धा मिनिट आवाज रेकॉर्ड करा. कंगव्याच्या दातांवरून अंगठा ओढावा तसा आवाज गवतातून आला, तर तो जेमतेम अडीच सेंटिमीटरचा बेडूक असतो. नवखे लोक त्याला रातकिडा समजून पुढे जातात.

सदाहरित जंगलात झुडपांवरचे बेडूक पानाआड बसतात. त्यातल्या बऱ्याच जातींच्या अंड्यांतून थेट पिल्लू बेडूकच निघते, मधे पाण्यातली अवस्थाच नाही. म्हणून नुसते ओढ्याकाठी हिंडून ते सापडत नाहीत. जवळ गेलात की आवाज बंद. टॉर्च विझवून दोन-तीन मिनिटे थांबा. दोघांनी आठ-दहा पावले अंतरावरून आवाजाकडे हात करावा. जिथे दोन्ही रेषा मिळतात, तिथली पाने गुडघ्यापासून डोक्याच्या वरपर्यंत बघा. २००९ मध्ये नाव मिळालेला आंबोली भेक मात्र खडकाळ सड्यावरच्या (पठारावरच्या) उथळ डबक्यांत शोधावा लागतो.

कानाची मर्यादा एवढीच, की साद घालतो तो नर. मादी टॉर्चनेच सापडते.

अंधारात उभे राहण्याआधी पायाखाली उजेड टाका. धुऱ्यावर घोणस आणि मण्यार दोन्ही असतात, गमबूट हवेतच. डास पळवायचे मलम हाताला लावले असेल तर बेडकाला हात लावू नका, त्याची कातडी ते शोषून घेते.