बायपास फॅट वापरून बघितलं, दुधाला पास पण गाभण राहायला काठावर

बायपास फॅट म्हणजे गाईच्या खुराकात मिसळायची चरबीची पावडर, पहिल्या पोटाला चुकवून पुढे पचणारी. पोत्यावर लिहिलंय दूध वाढणार, फॅट वाढणार आणि गाय लवकर गाभण राहणार. पहिल्या दोन गोष्टी पटल्या, तिसरीसाठी हा रिव्ह्यू टाकतोय.

घ्यायचं कारण म्हणजे आमची भरपूर दूध देणारी गाय, तीनदा भरली आणि तिन्ही वेळा उलटली, म्हणजे गाभण न राहता परत माजावर आली. डॉक्टर म्हणाले रोग वगैरे काही नाही, तिचा जमाखर्च बिघडलाय. म्हणजे असं की व्यायल्यावर दूध ४ ते ८ आठवड्यांत टॉपला जातं पण गाईची भूक टॉपला यायला १० ते १४ आठवडे लागतात, मग मधला तुटवडा ती अंगावरची चरबी जाळून भरते. अशा वेळी मेंदूकडून अंडाशयाला जाणारा हार्मोनचा निरोपच कमी पडतो, बीज नीट पिकत नाही आणि माज लांबतो नाहीतर मुका राहतो, म्हणजे बाहेरून दिसतच नाही. त्यात बीज तयार व्हायला दोन-तीन महिने लागतात, त्यामुळे सत्तराव्या दिवशी आपण गाय भरवतो तेव्हा तिचं जे बीज सुटतं ते त्याच उपासमारीच्या दिवसांत वाढलेलं असतं!!

तर प्रॉडक्ट. पिवळसर दाणेदार पावडर, वास साबणासारखा, आणि खरं तर आहेच तो कॅल्शियमचा साबण, पामतेलापासून केलेला. साधं तेल जास्त ओतलं तर कोठीपोटातले (गाईच्या पहिल्या मोठ्या पोटातले) जंतू बिघडतात आणि वैरण पचत नाही, हे तिथे फारसं विरघळत नाही, पुढे चौथ्या पोटातल्या आम्लात सुटं होतं. आयडिया भारी आहे. पण पहिल्या दिवशी गाईने गव्हाणीत तोंड घातलं, फुर्रर्र केलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मीच काहीतरी गुन्हा केलाय. मग ५० ग्रॅमपासून भरड्यात मिसळून हळूहळू १५० वर नेलं, तेव्हा कुठे खायला लागली. पोत्यावर सवय लावायबद्दल एक ओळ नाही.

दूध वाढलं, फॅट पण वाढलं, पण बरगड्या तशाच दिसत राहिल्या. कारण जास्तीची ताकद अंगावर न जाता कासेत गेली, जातिवंत दुधाळ गाय असंच करते. उलटायची ती चौथ्यांदाही उलटलीच.

गंमत म्हणजे दुसऱ्या गाईला हेच पोतं चालू होतं आणि ती दुसऱ्याच वेळी गाभण राहिली. फरक पावडरीचा नव्हता. ती विताना बेताच्या अंगाची होती, अंगावरची चरबी बघून ५ पैकी गुण देतात त्यात ३ ते साडेतीनच्या मधे, आणि पहिली आटवल्यावर मी लाडाने खुराक देऊन गोल केलेली. विताना फार लठ्ठ असलेली गाय नंतर कमी खाते आणि झपाट्याने वितळते, म्हणजे घोळ भाकड काळातच मी घातला होता. सेल्समनने हे सांगितलं नाही, आणि का सांगेल म्हणा.

अजून एक, ताकद कमी पडते म्हणून पेंड वाढवू नका, मी केलं होतं. प्रोटीन जास्त झालं की त्याचा अमोनिया, मग रक्तात युरिया वाढतो आणि गर्भाशयातलं वातावरण गर्भाला मानवत नाही. आणि जास्त दुधाच्या गाईचं लिव्हर हार्मोन पटापट निचरा करतं म्हणून माज थोडे तासच दिसतो, रात्री झोपायच्या आधी आणि पहाटे गोठ्यात चक्कर मारली नाही तर कुठलंच पोतं कामाचं नाही. कॅल्शियम आहे म्हणून खनिज मिश्रण बंद करायचं नाही, ते वेगळं द्यायलाच लागतं.

दूध जास्त असेल, हिरवी-सुकी वैरण पोटभर असेल आणि तरी गाय अंगाने उतरत असेल तर घ्या, व्यायल्यापासून पहिले तीन-चार महिने. कमी दुधाच्या गाईला फुकटचा खर्च. दुधासाठी ५ पैकी ४, गाभण राहण्यासाठी २. पोत्याचं तोंड बांधून ठेवा, दमट हवेत माझं अर्धं पोतं गोळे होऊन बसलं.