हॅकररँकची कोडिंग टेस्ट: चूक कळते, कुठे ते कळत नाही

सॉफ्टवेअरच्या मुलाखतीची पहिली फेरी हल्ली माणसासमोर क्वचितच होते. लिंक येते, उघडली की घड्याळ सुरू. अशा ऑनलाइन कोडिंग टेस्ट घेणाऱ्या साइट्समध्ये हॅकररँक हे नेहमीचं नाव. अर्जांचा ढीग चाळायला कंपन्यांसाठी झकास सोय. उमेदवाराच्या बाजूने पाचपैकी अडीच तारे, तेही जरा उदार होऊन.

मोठी तक्रार लपवलेल्या टेस्ट केसची, म्हणजे कोड ज्यावर तपासला जातो त्या इनपुटची. नमुन्याच्या एकदोन केस दिसतात, बाकीच्यांचा इनपुट झाकलेला. 'राँग आन्सर' की वेळ संपली, एवढंच कळतं. नोकरीत बग आला तर लॉग, म्हणजे प्रोग्रामने ठेवलेल्या नोंदी, बघता येतो. इथे आंधळी कोशिंबीर.

म्हणून प्रश्नातली लांबलचक गोष्ट नंतर वाचा, आधी तळाशी दिलेल्या मर्यादा बघा. खरा प्रश्न तिथे असतो. एन, म्हणजे इनपुटमधल्या आकड्यांची संख्या, १ लाखापर्यंत असेल, तर लूपमध्ये लूप म्हणजे १,००० कोटी फेऱ्या. सी++ला साधारण २ सेकंद मिळतात, जावाला ४, पायथनला १०. यातली कुठलीच सवलत एवढ्या फेऱ्यांना पुरणार नाही. सॉर्ट करा, नाहीतर हॅशमॅप (किल्लीवरून किंमत झटकन शोधून देणारी रचना) वापरा.

वेळेत चालूनही उत्तर चुकतंय? जावात असाल तर पहिला संशय इंटवर (पूर्णांकाच्या नेहमीच्या प्रकारावर) घ्या. तो २,१४,७४,८३,६४७ वर संपतो. १ लाख आकडे, प्रत्येक १०० कोटींपर्यंत, म्हटल्यावर बेरीज लाँगमध्येच (त्याहून मोठ्या पूर्णांकाच्या प्रकारात) मावणार. इंट भरला की एरर येत नाही, गुपचूप भलताच आकडा येतो, म्हणून ही चूक नमुन्याच्या छोट्या केसमध्ये सापडतच नाही. पायथनमध्ये अडचण वेगळी: रिकर्शनची, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावण्याची, मूळ मर्यादा १,०००, त्यामुळे एकाच बाजूला वाढलेल्या लांब ट्रीवर (फांद्यांसारख्या जोडलेल्या माहितीवर) कोड कोसळतो.

कंपनीने देखरेख चालू ठेवली असेल तर टॅब बदलल्याचीही नोंद होते. नोटिफिकेशन आधीच बंद करा. (रोजच्या कामात डॉक्युमेंटेशन उघडणारा शहाणा ठरतो, इथे संशयित.) आणि एवढं करून सविस्तर रिपोर्ट जातो कंपनीकडे; उमेदवाराच्या हाती बहुधा दोन ओळींचा नकार.

एक गोष्ट मात्र उपयोगाची: गुण सहसा केसगणिक मिळतात. जलद उत्तर सुचेपर्यंत साधा, हळू चालणारा पण बरोबर कोड आधी सबमिट करून ठेवा, मग सुधारत बसा.